गोदूबाईंच्या सात बाटल्या

गोदूबाई आमच्या गाळ्यात लादी पुसायला आल्या, आणि सहा महिन्यांत त्यांच्यावाचून आमचा एकही लेझर बनेनासा झाला. हे मी आज सरळ लिहितोय. तेव्हा कुणाला सांगत नव्हतो. गिऱ्हाइकांना मी ऐटीत सांगायचो की आमच्याकडे स्वतः विकसित केलेलं खास तंत्र आहे. ते तंत्र जेमतेम पाच फूट उंच होतं, हिरव्या लुगड्यात असायचं, आणि दुपारी चहात पाव बुडवून खायचं.

मी कल्याणच्या एका कॉलेजात बावीस वर्षं फिजिक्स शिकवलं. मुलांच्या आणि प्राचार्यांच्या तोंडी लागून लागून शेवटी कंटाळलो आणि शीळफाट्याला गाळा घेतला. सोबत मेघाली, माझीच जुनी विद्यार्थिनी. मी जितका तापट, तितकी ती थंड, म्हणून आमचं जमलं. आम्ही बनवायचो ते लेझर सलग उजेड देत नाहीत, ठोक्याठोक्याने देतात. ठोका इतका छोटा, की त्या वेळात डोळ्याची पापणी हलायला सुरुवातही करत नाही. एवढ्या वेळात उष्णता पसरायला सवड मिळत नाही, म्हणून अशा उजेडाने माणसाचं बुबुळसुद्धा न भाजता कापता येतं.

पण उजेडाला ठोके शिकवायचे कसे? त्यासाठी वाटेत एक पडदा लागतो. पेन्सिलीच्या शिशात जो कार्बन असतो, त्याचाच एक अणू जाडीचा पडदा. त्याला म्हणतात ग्राफीन. उजेड मंद असला की हा पडदा तो पिऊन टाकतो, जोराचा आला की वाट देतो. मग लेझरच्या आत फिरणारा उजेड आपोआप गोळा होऊन एकदम यायला शिकतो. बस, एवढीच युक्ती. सुरुवातीला फायबरला, म्हणजे उजेड ज्यातून फिरतो त्या काचेच्या तंतूला, बोटाने एक टिचकी मारावी लागते, की ठोके सुरू होतात.

अडचण पडद्याची होती. तो तांब्याच्या पत्र्यावर वाढवलेला मिळतो. पत्रा कापून तुकडे करायचे, एकेक तुकडा रसायनात ठेवून खालचं तांबं विरघळवायचं, मग काचेच्या बशीत स्वच्छ पाण्यावर तो पडदा तरंगत राहतो. राहतो म्हणायचं, कारण दिसत काहीच नाही. तो फायबरच्या टोकाला बसवलेल्या पांढऱ्या बारीक पिनेवर अलगद उचलून घ्यायचा. मी अठ्ठावीस वेळा प्रयत्न केला आणि अठ्ठावीस वेळा तो चुरगळला. एकोणतिसाव्या वेळी मी बशी भिंतीवर फेकली.

गोदूबाई काचा गोळा करायला आल्या. गोळा करता करता म्हणाल्या, “सर, तुमी त्याचे पाठी जाता. पाठी गेलं का तो पलतो.”

“कोण पळतो? तुम्हाला दिसतोय तो?”

“दिसत नाय. पान्याची तकाकी मोरते ना, तिथं हाय तो.”

मी चिडून म्हटलं, मग तुम्हीच उचला. त्यांनी हात धुतले, दुसऱ्या बशीपाशी बसल्या आणि पिन धरलेला हात पाण्याखाली घालून तसाच ठेवला. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. मेघालीने माझ्याकडे बघून डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. मग बाईंनी हात वर घेतला, तोही इतक्या सावकाश की मला कळलंच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पिनेच्या तोंडावर पडदा सपाट बसलेला. एक सुरकुती नाही.

त्या डोंबिवलीच्या पश्चिमेच्या, मोठागावच्या. घर खाडीला लागून. लहानपणी आईबरोबर कोलीम धरायला जायच्या. कोलीम म्हणजे काचेसारखी पारदर्शक बारीक कोळंबी, पाण्यात असताना डोळ्याला दिसत नाही. फक्त पाण्याचा रंग जरासा बदलतो तो बघायचा. ती नजर त्यांच्याकडे होती. मी तीन पदव्या घेऊन बशा फोडत बसलो होतो. दुसऱ्या दिवसापासून लादी पुसायला आम्ही दुसरी बाई बघितली.

त्यांच्या दोन गोष्टींवरून आमचे खटके उडायचे. एक म्हणजे त्यांची सुट्टी. जेवणाची, चहाची सुट्टी मी समजू शकतो. पण ही बाई दिवसातून एकदा हातातलं काम जिथल्या तिथे ठेवून उठायची, मागच्या दारातल्या पायरीवर पश्चिमेकडे तोंड करून बसायची, हात मांडीवर. बोलायचं नाही, हाक मारली तर ओ द्यायची नाही. आणि त्याची वेळ ठरलेली नाही. आज सव्वा वाजता, उद्या दोनला, परवा पावणेतीनला. मी मास्तरच असल्याने घड्याळ लावून बघितलं: अकरा मिनिटं. नेहमी अकराच.

“हा काय प्रकार आहे?” मी एकदा विचारलं.

“भरती पुरी झाली का पानी उभं ऱ्हातं, सर. ना वर, ना खाली. तवा मी बसते.”

“खाडी इथून सहा-सात किलोमीटर आहे! तुम्हाला इथे बसून कसं कळतं?”

“तिथी मोजाची. आवसेला बाराला भरती, मग दर तिथीला पाऊण तास. आमचे बंदराला वर सवा तास. शाळेन नाय शिकवत?”

मेघाली हसली. मला हसू आलं नाही.

दुसरी गोष्ट पहिल्या पडद्याची. प्रत्येक पत्र्याचा पहिला तुकडा त्या पिनेवर घ्यायच्या नाहीत. धुतलेल्या पाण्यासकट एका छोट्या बाटलीत सोडायच्या, झाकण लावायच्या, तारीख टाकायच्या आणि घरी जाताना खाडीत ओतायच्या. “पयला खारीचा,” एवढंच कारण. त्यांच्या सासरी हा नेम होता: हंगामाचा पहिला मासा परत सोडायचा. मी म्हटलं, बाई, हा मासा नाही, कार्बन आहे, आणि जर्मनीतून मागवलेला आहे. त्या म्हणाल्या, “पान्यातनंच काढते ना मी?”

एका दुपारी पडदे पाण्यात धुतले जात असताना त्यांनी आपणहून सांगितलं. नवऱ्याचं नाव साईनाथ. खाडीत जाळं टाकायचा. एका वर्षी नारळी पौर्णिमेनंतरचा पहिलाच मासा म्हणून मोठा जिताडा मिळाला, हाताएवढा. “तो सोराचा होता. इकला गेला,” त्या म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी साईनाथ होडी घेऊन गेला, तो परत आला नाही. होडी आली. भर दुपारी, भरती पुरी होताना, वल्हं मारायला कुणी नसताना होडी सरळ बंदरात आली आणि पायरीपाशी उभी राहिली. पाणी उभं होतं तेवढा वेळ तीही उभी होती, दोरी नाही, काही नाही. गावातले सगळे बघत होते, हात लावायला कुणी पुढे झालं नाही. ओहोटी लागली तशी वळली आणि निघून गेली. होडीही पुन्हा मिळाली नाही.

खाडीचा कोप वगैरे मी मानत नाही, तसं काहीतरी पुटपुटलो.

“खारी रागावत नाय, सर,” त्या म्हणाल्या. “ती फकत मोजते.”

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असूनही मी पुढचं केलं, म्हणून ते लिहिताना मला लाज वाटते.

दोन हजार तेवीसच्या पावसाळ्यानंतर डोळ्यांची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीने आमच्याकडे सात लेझर मागितले. आमच्यासारख्या गाळ्याला एवढं मोठं काम पहिल्यांदाच. तारीख ठरली, आणि नेमक्या गोदूबाई तापाने पडल्या. तीन आठवडे आल्या नाहीत. पत्रे संपलेले, नवे कस्टममध्ये अडकलेले. कपाटात मात्र त्यांच्या सात बाटल्या होत्या. ताप भरायच्या आधीपासून अंगात त्राण नव्हतं, बंदराच्या पायऱ्या उतरवत नव्हत्या, म्हणून त्यांनी त्या साठवून ठेवल्या होत्या. मेघाली म्हणाली होती, मी ओतून येते, तर नको म्हणाल्या. सात बाटल्या. सात लेझर.

मेघाली त्या दिवशी कामाला बाहेर गेली होती. मी दार लावून घेतलं. पहिली बाटली बशीत ओतली आणि पिन पाण्यात घातली. माझा हात कसा आहे हे मी आधी सांगितलंच आहे. मी अजून ती नीट धरलीही नव्हती, तोच पाण्याची तकाकी मोडली आणि पडदा पिनेवर येऊन बसला. मी उचलला नाही. तो आला. दुसरा तसाच, तिसरा तसाच. सात बाटल्या, सात पिना, पंधरा मिनिटांत काम संपलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण माझ्या मानेवर काटा आला होता. मी बाटल्यांत साधं पाणी भरलं, झाकणं लावली, तारखा पुढे येतील अशा कपाटात परत ठेवल्या.

मेघालीला सांगितलं की जुने पडदे शिल्लक होते.

ते सात लेझर आमच्या आजवरच्या लेझरांत सर्वांत उत्तम निघाले. त्यांना टिचकी मारावी लागत नव्हती. बटण दाबलं की ठोके आपले आपण सुरू. मेघाली टाळ्या वाजवत होती. एकदा दुपारी सातही एकाच वेळी थोडा वेळ थांबले, स्क्रीनवरची रेघ सपाट झाली, आणि पुन्हा आपोआप सुरू झाले. आमच्याकडे वीज येते-जाते, मी तिच्यावर खापर फोडलं आणि माल रवाना केला.

गोदूबाई बऱ्या होऊन आल्या. कपाट उघडून त्यांनी एकेक बाटली उजेडाकडे धरून बघितली. सातही बघितल्या. मी पलीकडे पाठ करून स्क्रू पिळत होतो, नको इतका घट्ट. त्यांनी झाकणं पुन्हा घट्ट केली. बाटल्या पिशवीत घालून घरी घेऊन गेल्या.

चार महिन्यांनी कंपनीचे कागद यायला लागले. यंत्रं मध्येच थांबतात. इजा कुणाला झाली नव्हती. यंत्र पेशंट ठेवण्याआधी स्वतःला तपासतं, तेव्हाच अडायचं आणि डॉक्टर थांबून राहायचे. पण का थांबतात ते कळेना. यंत्रं होती ठाण्यात, नाशकात, कोल्हापुरात, नागपुरात. मेघालीने सगळ्या वेळा एका कागदावर मांडून भिंतीला लावल्या. तेव्हा दिसलं की सातही यंत्रं एकाच मिनिटाला थांबतात. नागपूरचं आणि ठाण्याचं, एकाच मिनिटाला. प्रत्येक वेळी अकरा मिनिटं.

मी तो आकडा वाचला आणि मागच्या पायरीकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

संध्याकाळी निघताना गोदूबाई त्या कागदापुढे थबकल्या. बोटाने तारखांवरून खाली आल्या. “ही आमचे बंदराची भरती कोनी लिवली?” त्यांनी विचारलं.

“ते... यंत्रांचे आकडे आहेत,” मी म्हटलं. “योगायोग असेल.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. कुणीतरी बोलेल म्हणून माणूस बघतं, तसं बघितलं. मी चष्मा पुसायला घेतला. त्या चपला घालून गेल्या.

मी कंपनीला कळवलं की सातही बदलून देतो, दोन महिने द्या. त्यांनी दिले. यंत्रं तोवर चालूच राहिली.

मग एप्रिलात गोदूबाईंनी एका दिवसाची रजा मागितली. त्यांची नात अक्षदा, मुलीची मुलगी. आई-वडील आंबिवलीला, पण कॉलेजसाठी पोर आजीजवळ मोठागावात राहायची. एकोणीस वर्षांची. तिच्या डाव्या डोळ्याचं बुबुळ पातळ होऊन पुढे टोकदार होत चाललं होतं. उजवा त्याच वाटेवर. ठाण्याला माजिवड्याच्या इस्पितळात बुबुळाच्या आत लेझरने बारीक बोगदा करून त्यात कडी बसवणार होते, म्हणजे ते आहे तिथे थांबेल. मेघालीने कौतुकाने सांगून टाकलं, “मावशी, त्या यंत्रातला लेझर आपलाच आहे! तुमच्याच हातचा.”

मी हातातलं काम खाली ठेवलं.

“कधी आहे?” मी विचारलं.

“गुरवारी. तृतीया. त्यांनी दोन टाईम दिलेले. मी दीडचा घेतला.” आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तीन-साडेतीनचा नको म्हटलं.”

मी घरी जाऊन पंचांग काढलं. आयुष्यात पहिल्यांदा. तृतीयेला बारावर तीन पाऊण तास म्हणजे सव्वादोन, वर सव्वा तास: साडेतीन. दीडचं काम दोनला उरकतं. म्हणजे काही सांगायची गरज नाही, असं मी स्वतःला समजावलं. यंत्र अडलं तर आधी अडतं, मध्येच नाही, असंही समजावलं. पण पेशंट ठेवून झाल्यावर, बुबुळात बोगदा अर्धा झालेला असताना अडलं तर? तसं आजवर झालं नव्हतं, कारण आजवर नशीब होतं. गुरुवारी मी गाळ्यात बसू शकलो नाही. यंत्राची पाहणी आहे, असं सांगून माजिवड्याला गेलो.

दीड वाजला, दोन वाजले. आधीच्या एका म्हाताऱ्या पेशंटचा रक्तदाब वर गेला आणि सगळंच पुढे ढकललं गेलं. अडीच. तीन. बाहेरच्या बाकावर गोदूबाई, हात मांडीवर. अक्षदा त्यांच्या शेजारी मोबाइल डोळ्याजवळ धरून बसलेली. तिला आता तसाच धरावा लागायचा. तिची आई खाली औषधं आणायला गेली होती. तीन वाजून वीस मिनिटांनी नर्सने अक्षदाचं नाव पुकारलं. पोरगी उठली, आजीच्या पायाला हात लावला आणि आत गेली. दार लागलं.

मी घड्याळाकडे बघितलं. गोदूबाईंनी बघितलं नाही, त्यांना गरज नव्हती. मग त्या उठल्या. त्यांच्या बरोबरीने मीही उठलो, आणि का कुणास ठाऊक, त्यांच्या पुढे झालो. दारावर मुठी आपटल्या. वॉर्डबॉय धावला, मी त्याला ढकललं. मला ऐकून घ्यायची सवय नाही, ती त्या दिवशी कामी आली.

डॉक्टरीणबाई तोंडावर मास्क तसाच ठेवून बाहेर आल्या. “काय गोंधळ आहे? कोण तुम्ही?”

“आतल्या यंत्राचा लेझर मी बनवलाय. आत्ता वापरू नका. व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे.”

“व्होल्टेज ठीक आहे. यंत्राने आत्ताच स्वतःची तपासणी केलीय, सगळं हिरवं आहे. पेशंट टेबलवर आहे. यांना बाहेर काढा.”

त्या वळल्या. माझं खोटं संपलं होतं, दुसरं जवळ नव्हतं.

“भरती आहे!” मी ओरडलो. “मोठागावच्या खाडीला साडेतीनला भरती पुरी होते, पाणी उभं राहतं, तेव्हा तो थांबतो. सातही थांबतात. आतला पडदा खाडीला द्यायचा होता. या बाईंनी तो बाजूला ठेवला होता, आणि मी चोरला. सातही मी चोरले.”

बाकावरचे सगळे पेशंट, कापूस लावलेले, काळे चष्मे घातलेले, माझ्याकडे तोंडं करून बसले होते. साठीकडे झुकलेला फिजिक्सचा मास्तर माजिवड्याच्या इस्पितळात भरतीच्या नावाने ओरडत होता. डॉक्टरीणबाईंनी मला वेडा समजून दोन्ही हात वर करत शांत व्हायला सांगितलं. माझ्याशी असं गोड बोलत त्या दारातच उभ्या राहिल्या. जेमतेम दोन मिनिटं गेली असतील.

आतून नर्सचा आवाज आला. “मॅडम, मशीन बंद पडलं. आपोआप.”

डॉक्टरीणबाईंचे हात वरच राहिले. मास्कच्या वरचे डोळे माझ्यावरून माझ्या मागे गेले. मी वळलो. गोदूबाई तिथे पश्चिमेकडे तोंड करून उभ्या होत्या, हात सोडून, ओठ मिटलेले. मी घड्याळात मिनिटं मोजत राहिलो: अकरा. भिंतीवरच्या पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग आत यंत्राने बीप दिला, आणि त्याच क्षणी बाईंनी श्वास सोडून पाय हलवला.

पावणेचारला अक्षदाचं काम झालं. लेझरला चाळीस सेकंद लागले. डोळा वाचला, पुढे उजवाही केला. पोरगी आता आयटीआयला आहे.

त्या दिवशी रिक्षाची वाट बघताना मी गोदूबाईंची माफी मागितली. मला ती मागता येत नाही, सवय नाही, पण मागितली. त्या म्हणाल्या, “बाटल्या बघितल्या तवाच मना म्हाईत होतं, सर.”

“मग बोलला का नाहीत? चार शिव्या द्यायच्या होत्यात!”

“तुमी बोलाल म्हनून थांबले.”

मी त्याच आठवड्यात सातही लेझर परत मागवले. कंपनीने पुढचं काम काढून घेतलं. घेऊ दे. मी सातही उघडले. पडदे पिनांवरून सुटेनात, म्हणून पिनांसकट बाटल्यांत टाकले आणि अमावास्येच्या दुपारी मोठागावच्या बंदरावर गेलो. गोदूबाई पायरीवर उभ्या होत्या. नवा पूल वर उन्हात तापत होता, खाली पाणी हिरवं-काळं, पायरीच्या वरच्या दगडापर्यंत आलेलं.

“तुमचे हातान सोरा,” त्या म्हणाल्या.

मी एकेक बाटली ओतली. त्या पिना चिनी मातीच्या, वजनदार. बशीत टाकल्या तर टणकन तळाला जातात, मी शंभरदा बघितलंय. त्या बुडाल्या नाहीत. पायरीपासून हातभर अंतरावर सातही पांढरे ठिपके पाण्यावर तसेच उभे राहिले. लाट नव्हती. काहीच हलत नव्हतं. मला तिथून पळून जावंसं वाटलं, पण बाई शेजारी होत्या.

“जिताडा कोनी इकला, तुमी कवा इचारलं नाय,” त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या.

“साईनाथने ना?”

“पुरुष मासा धरतो, सर. बाजारान कोन बसते?”

मी रिकाम्या बाटल्या पायरीवर ठेवल्या.

“त्यानं येगला काढलेला. वर हलदीचं बोट लावून माझे टोपलीन ठेवलेला. म्हनला, जाताना खारीन सोर, मी होरी धुतो. बाजारान एक गिऱ्हाईक आयलं. पोरीला ताप होता, दवा आनाची होती. मी हलद पुसली नि इकला. घरी येऊन सांगितलं, सोरला.” त्यांनी पदराने ओठ पुसले. “तीन दिस होते माझेकडं. तो होरी काढत होता तवा मी दारान उभी. तोंडावर आयलेलं. म्हटलं, आता कामाला जातोय, संध्याकाली सांगू.”

मग समोर पाणी फिरलं. सात पिना एका ओळीत वळल्या, पुलाखालून हळूहळू गेल्या, आणि दिसेनाशा झाल्या. गोदूबाई अजून बंदराच्या तोंडाकडे बघत होत्या.

“संध्याकाली सांगू,” त्या पुन्हा म्हणाल्या, पण मला नाही.